खाडाखोडीचे पाच गुण

वर्गातले सगळे निबंध एकाएकी फार चांगले यायला लागले, तेव्हा शाळेचं धाबं दणाणलं. मुलं घरी एआयला विचारतात आणि वहीत सुवाच्य अक्षरात उतरवतात, हे उघड होतं. मुख्याध्यापकांनी बराच विचार करून तोडगा काढला: यंत्र कधी खाडाखोड करत नाही, माणूस करतो. म्हणून यापुढे निबंधात खाडाखोड सक्तीची. मजकुराला दहा गुण, खाडाखोडीला पाच.

मुलांनी लगेच एआयला विचारलं, कुठले शब्द खोडू? त्यानं आनंदानं सांगितलं. पहिल्या नंबरवाल्यानं तर पट्टी लावून खोडलं. भाषेच्या बाईंनी निमूटपणे त्याला पाचपैकी पाच दिले.

अडली ती एकटी मौनी. वर्गात फारसं बोलत नाही म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. तिच्या वहीत एक खोड सापडेल तर शपथ. बाईंनाही संशय आला. त्यांनीच तक्रार वर नेली आणि आता मौनीच्या दाखल्यावर 'नक्कल केली' असा शेरा पडायची वेळ आली.

"शेरा मारण्यापूर्वी एकदा समोर बसवू या," बाई म्हणाल्या. तक्रार केल्याचं रात्रभर त्यांना बरं वाटलं नव्हतं.

शाळा सुटल्यावर मुख्याध्यापकांच्या खोलीत मौनीला कोरा कागद दिला. विषय: 'दार'.

मौनी बसली. काहीच लिहीना. खिडकीकडे बघितलं, ओठ हलवले, मान हलवून स्वतःलाच नाही म्हणाली. पुन्हा ओठ हलवले. मधेच एकदा हसली, मग ते हसू परत घेतलं.

"बघा, यंत्र नाही तर गाडी ठप्प," मुख्याध्यापक कुजबुजले.

"थांबा हो सर जरा." बाईंची नजर हलत नव्हती. इतकी वर्षं शिकवताना त्यांनी लिहून झालेलं तपासलं होतं. विचार करणारं पोर असं समोरासमोर कधी बघितलंच नव्हतं.

मग मौनीनं पेन उचललं आणि एका दमात लिहून कागद पुढे केला.

'पाहुणे गेले की आम्ही दार लगेच लावत नाही. त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत हात हलवतो. मग आई धाडकन दार लावते आणि म्हणते, गेले बाई एकदाचे. मग थोड्या वेळानं म्हणते, घर किती रिकामं वाटतंय.'

मुख्याध्यापकांनी कागद उलटसुलट केला. "आणि खाडाखोड?"

"झाली ना. माझ्यादेखत झाली," बाई म्हणाल्या. "निम्मं तर तिनं डोक्यातच खोडलं. तक्रार मी मागे घेते, सर."

"अहो, पण नियम आहे! बाळ, एक शब्द खोड. नियमापुरता. विषय संपला."

"कुठला खोडू, सर?"

"कुठला म्हणजे? कुठलाही. आण इकडे, मीच खोडतो."

त्यांनी लाल पेन उघडलं. 'बाई' वर नेलं, थबकले. 'एकदाचे' वर नेलं, स्वतःशीच पुटपुटून वाचलं, परत आले. 'थोड्या वेळानं' पाशी बराच वेळ थांबले. मौनी आदबीनं उभी होती.

"तू जा घरी," ते मान वर न करता म्हणाले. "शेराबिरा काही नाही."

ती गेली. बाईंनी पर्स उचलली.

"बाई, जाऊ नका. बसा," मुख्याध्यापक म्हणाले. "हे 'किती' काढलं तर चालेल का हो?"

"वाचून बघा."

त्यांनी वाचून बघितलं.