चौथी बुडी

थ्रासिवुलोसनं तेलात एकच बोट बुडवलं, तेही करंगळी. बाप्तिस्म्याला धर्मबापानं ओंजळीनं तेल घेऊन लेकराचं अंग माखायचं असतं, कानामागून थेट टाचांपर्यंत. यानं एवदोकियाच्या कपाळाला करंगळी टेकवली आणि मेणबत्तीच्या पांढऱ्या फितीला पुसून टाकली.

एवदोकिया म्हणजे माझ्या भाचीची, अर्गिरोची पहिली लेक. तिची धर्मआई व्हायची अर्गिरोच्या मावशीला, माझ्या बहिणीला झाम्बेताला, फार हौस होती. पण अर्गिरोचा नवरा पान्तेलिस दोन हिवाळे घरी बसून आहे, आणि थ्रासिवुलोसच्या फेरीबोटी आहेत. शिवाय त्याला यंदा नगराध्यक्ष व्हायचंय. ‘पोरीचा धर्मबाप मला करा, पान्तेलिसला बोटीवर घेतो,’ असा त्याचा शब्द. झाम्बेताची हौस राहून गेली. लेकराला पुसायचा मोठा पंचा मात्र तिनंच शिवून आणला.

पापा-अनेस्तिस आमचे पाद्री. त्यांचं प्रवचन अर्धं बोलण्यात, अर्धं सुरात. त्यांचा आवाज चढला की मी माझ्या गायकाच्या चौरंगावर उभ्या उभ्या डोळे मिटतो. त्या दिवशी ते त्रैक्यावर गायले: पिता गाणारा, पुत्र त्याच्या तोंडचा शब्द, पवित्र आत्मा त्याचा श्वास, यातला एक बाजूला काढा आणि मग गाऊन दाखवा! थ्रासिवुलोस तेवढ्या वेळात फोनमध्ये बघून भांग नीट करत होता.

मग फादरनी तेलानं निसटणाऱ्या लेकराला दोन्ही हातांनी धरून कुंडात बुडवलं. “पित्याच्या नावानं.” मी गायलो, “आमेन.” वर काढून पुन्हा बुडवलं. “पुत्राच्या.” आमेन. तिसऱ्यांदा. “आणि पवित्र आत्म्याच्या.” शेवटचा आमेन मी लांबवला. चर्च भरून गेलं. लेकरू वर आलं आणि जीव खाऊन रडलं.

“थांबा थांबा!” अथेन्सहून आणलेला फोटोवाला ओरडला. “फादर, तुमची दाढी मधे आली. मुलगी दिसलीच नाही. एकदा परत.”

“हां, घ्या अजून एकदा,” थ्रासिवुलोस म्हणाला. “पोस्टरला हाच फोटो लावायचाय.”

फादर लेकराला कुंडावर धरून तसेच उभे. “कुणाच्या नावानं?”

“काय?”

“पिता झाला, पुत्र झाला, पवित्र आत्मा झाला. चौथा कोण?”

“मी आहे ना! माझ्या नावानं घ्या!”

लोक हसले. आमचेच लोक, ज्यांनी सकाळी रांग लावून प्रसादाची भाकर घेतली होती. आणि मागून कुणीतरी नाकातून, अगदी माझ्याच चालीत, लांबलचक गायलं, “आऽऽमेन.” पुन्हा हशा. ज्या सुरावर मी आयुष्यभर जीव लावला, तो कुणीतरी चघळून थुंकला होता.

“फादर, घ्या की,” पान्तेलिस खाली बघत पुटपुटला. “नुसतं पाणीच तर आहे.”

त्याच्या नोकरीचा प्रश्न होता, म्हणून मी पोथीची पानं उलटत राहिलो. लेकरू काकडत होतं. त्याच्या पायांवरून तेल आणि पाणी ठिबकत होतं.

“चौथं नाव मला ठाऊक नाही,” फादर म्हणाले. “घे, उचल तुझ्या धर्मलेकीला.”

खांद्यावर पंचा असूनही थ्रासिवुलोस एक पाऊल मागं सरला. “आधी फोटो. आणि असं ओलंचिंब कसं घेऊ? सूट बघा ना माझा! कुणीतरी पुसा तिला, मग घेतो.”

आमच्याकडे कुंडातून लेकराला जो छातीशी घेतो, तोच धर्मबाप. बाकी बोलाचाली. चर्चमधल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक, आणि अर्गिरोलाही. ती रिवाजाप्रमाणे दाराशी उभी होती. सगळ्यांच्या मधून ती पुढं आली. पान्तेलिसनं तिचं मनगट धरलं.

“अगं, बोटीचं काय?”

“सोड हात.” तिचा आवाज चिरका झाला होता. “मावशी, ओढ तो पंचा त्याच्या खांद्यावरनं!”

“मी?” झाम्बेता म्हणाली.

“नाही तर काय पोस्टरवाला? लेक गारठली माझी!”

झाम्बेतानं पंचा असा हिसकला की थ्रासिवुलोसचा टाय वाकडा झाला. तिनं लेकराला छातीशी घट्ट धरलं. तिच्या एकुलत्या एक चांगल्या झग्यावर हां हां म्हणता तेलाचा डाग पसरला.

“माकडं आहात सगळी!” असं म्हणून थ्रासिवुलोस निघाला. दारातल्या देवमातेच्या चित्राला त्यानं सवयीनं ओठ लावले, तेही मला बघवेना. फोटोवाला त्याच्या मागं. आणि त्यांच्या मागं खिशातून रुमाल काढत पान्तेलिस, “साहेब, बाहीवर थोडं उडलंय, पुसतो!”

फादरनी माझ्याकडे पाहिलं. कुंडाभोवतीच्या फेऱ्या बाकी होत्या; गाणं चालू असेतोवर धर्मआईनं लेकराला घेऊन त्या घालायच्या. तोंडात कडवट चव होती. त्या तोंडानं कसं गायचं ते कळेना, तरी मी सूर लावला. झाम्बेता लेकराला घेऊन चालू लागली. मघाशी हसलेले आता माना खाली घालून माझ्या सुरात सूर मिसळत होते. मला त्यांचा आवाज नको होता. पण मी थांबलो असतो, तर झाम्बेतालाही थांबावं लागलं असतं.