शालूबाईंचा बंब

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा बंब आहे. आग विझवणारा नव्हे, आंघोळीचं पाणी तापवणारा. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलं नसेल. गॅस आला, विजेचे हीटर आले आणि आमची जात माळ्यावर गेली. म्हणून आधी माझी बांधणी सांगतो. माझं पोट गोल आणि उंच आहे. पोटाच्या मधोमध एक नळी वर गेली आहे. त्या नळीत वरून चिपाडं, गोवऱ्या टाकायच्या आणि खालून काडी लावायची. नळीभोवतीचं पाणी तापतं. खाली तीन पाय आहेत, पुढं पितळी तोटी आहे. सांभाळायची गोष्ट एकच. पोटात पाणी असल्याशिवाय जाळ करायचा नाही. केला तर सांधे वितळतात.

मी साताऱ्यात १९५९ साली घडलो. फलटणकडच्या एका गावातले नाथाजी मला घ्यायला आले. त्यांच्या थोरल्या लेकीचं लग्न ठरलं होतं आणि रुखवतात बंब ठेवायचा होता. आपल्याकडे मोठं भांडं घेतलं की त्यावर नाव घालतात. तांबटानं विचारलं, कुणाचं घालू? नाथाजींनी लेकीचं नाव सांगितलं. तांबटानं बारीक छिन्नी घेतली आणि तोटीच्या खाली, पायाजवळ, ठिपक्याठिपक्यांनी तीन अक्षरं उठवली. हरणा.

हे नाव माझ्यावर राहिलं, तिच्यावर राहिलं नाही. रहिमतपूरला लग्न लागलं त्याच दिवशी ताटातल्या तांदळावर नवऱ्या मुलानं अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं. शालू. तेव्हाची रीतच होती ती. माहेरी तर ती थोरली, म्हणून सगळी भावंडं तिला आक्काच म्हणत. नवरा धोंडिराम फौजेत होता. पंधरा दिवसांच्या सुट्टीवर आला, लग्न केलं आणि परत गेला. जुनं नाव त्यानं ऐकलं असेल तर एकदा, भटजीच्या तोंडून, तेही वाजंत्र्यांच्या गोंगाटात.

पुढची तीस वर्षं शालूबाईंनी मला रोज पहाटे पेटवलं. दर अमावास्येला चिंच आणि मीठ लावून घासलं. घासताना त्या पायाजवळच्या तीन अक्षरांवरून अंगठा फिरवत. ठिपक्यांत काजळी बसते, ती काढायला, असं बघणाऱ्याला वाटलं असतं. त्या नावानं त्यांना हाक मारणारं त्या घरात कुणी नव्हतं. त्या अंगठा फिरवत आणि पुढच्या भांड्याकडे वळत.

धोंडिराम पेन्शनीत येऊन घरी राहिला. माणूस सरळ, शिस्तीचा. स्वतःचे बूट स्वतः चकाकवायचा. पण बंब घासणं हे बायकोचं काम. त्यानं रोज तोटी सोडली, बादली भरली, आंघोळ केली. तोटीच्या खाली काय आहे हे बघायला तो कधी वाकला नाही. बंबावर बायकोचं नाव घातलेलं आहे एवढं त्याला ठाऊक होतं. बायकोचं नाव शालू, हेही ठाऊक होतं.

१९९१ च्या थंडीत शालूबाई गेल्या. छातीत कळ आली आणि साताऱ्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. मूलबाळ नव्हतं. लुगडी नणंदेनं नेली. डोरलं त्यांच्या इच्छेप्रमाणे देवीला वाहिलं. त्यांच्या हातचं मोठं असं एकच उरलं, ते मी. धोंडिरामानं मला पेटवलं नाही. भर जानेवारीत तो गार पाण्यानं आंघोळ करायचा आणि माझ्याकडे पाठ करून अंग पुसायचा.

मागच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. घरात कुणाचा तरी वावर असावा म्हणून त्यानं भाडेकरू ठेवला. सयाजी नावाचा कारकून आणि त्याची बायको नीलिमा. कागद केला नाही. तोंडाकडे बघून खोल्या दिल्या. पहिलं वर्ष बरं गेलं. नीलिमाला मुलगी झाली. कडाक्याची थंडी होती आणि ती बाई स्टोव्हवर पातेल्या-पातेल्यानं पाणी तापवत होती. धोंडिरामाला ते बघवलं नाही. त्यानं मला स्वतः उचलून मागं नेलं.

“लेकराच्या आंघुळीला वापरा,” तो म्हणाला. “माझ्या शालूचा हाय. जाताना तेवढा परत द्या म्हंजे झालं.”

बारशाच्या आदल्या दिवशी नीलिमानं मला घासलं. पायाजवळची अक्षरं तिनं वाचली. मग मधल्या दारात जाऊन तिनं विचारलं, काका, काकूंचं नाव काय हो? धोंडिराम म्हणाला, शालू. ती परत आली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि कामाला लागली. तेव्हा तिच्या मनात काही वाईट नसावं. पण एकदा कळलेली गोष्ट ती विसरत नसे.

त्यानंतर ते दोघं कसे वागले ते सांगतो. भाडं वेळेवर देत, त्यात खोट नव्हती. पण मागच्या दाराला त्यांनी स्वतःचं कुलूप लावलं. त्यामुळं धोंडिरामाला आपल्याच परसात जायला गल्लीला वळसा घालावा लागे. धुण्याचं पाणी त्याच्या अंगणात सोडत. भिंतीत हाताच्या बोटाएवढे खिळे ठोकले. त्यानं काही म्हटलं की सयाजी म्हणे, काका, कायदा भाडेकरूच्या बाजूनं आहे. खोल्या सोडा म्हटलं तर दोन वर्षं नुसते हसले. लोकही काही बोलत नसत. एकट्या म्हाताऱ्याचं गाऱ्हाणं लोकांना रोजचं वाटायला लागतं.

माझे हाल वेगळेच. शालूबाई मला गोवऱ्या घालत. यांनी प्लॅस्टिकच्या पिशव्या घातल्या, तुटक्या चपला घातल्या. घासणं तर बारशानंतर बंदच झालं. एकदा पोटात पाणी नसताना जाळ केला आणि गप्पा मारत बसले. तोटीजवळचा सांधा सुटला. मी गळायला लागलो, तर तिथं साबणाचा बोळा दाबला. मी इतका काळा झालो की कोणत्याही घरचा कोणताही बंब वाटावा.

१९९६ च्या मे महिन्यात सयाजीची बदली सांगलीला झाली. दारात टेम्पो आला. चालक चांदसाहेब मिरजेचा, त्याचा इथं कुणाशी संबंध नव्हता. धोंडिराम खोल्या बघायला आत गेला. बल्बचे होल्डर काढून नेले होते. दाराची कडी स्क्रूसकट गायब होती. न्हाणीतली फरशी मधोमध फुटलेली. परसातली तुळस वाळून काडी झालेली. तो बाहेर आला तेव्हा मी पोत्यात गुंडाळलेला, टेम्पोच्या फळीला टेकवलेला होतो. माझी तोटी पोत्यातून बाहेर आली होती.

त्यानं पोत्यावर हात ठेवला. सयाजी म्हणाला, तुमचा बंब तर कधीच परत दिला की काका, हा आमचा आहे. धोंडिराम म्हणाला, भिंती पाडून न्या, पण हा न्हाई. आवाज चढले. गल्ली गोळा झाली. शेजारच्या चंद्राबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, शालूबाईंचा बंब होता हे खरं, पण तो हाच का, हे कसं सांगू बाई? समदे बंब काळेच की. सयाजी म्हणाला, म्हातारपणी विसर पडतो माणसाला. दोघंतिघं हसले. त्या हसण्यानं धोंडिराम पुरता उसळला.

चांदसाहेबाला उन्हाच्या आत सांगली गाठायची होती. तो टेम्पोवरून खाली उतरला.

“आवं मामा, भांड्यावर नाव आसतंय की. त्यात काय भांडताय एवढं?”

धोंडिरामाचा चेहरा एकदम उजळला. “हाय! माझ्या बायकोचं नाव हाय त्यावर. शालू. आणा चिंच, घासा, समद्यांनी बघा. दुसरं काय निघालं तर मी तोंड उघडणार न्हाई.”

मित्रांनो, हे तो सगळ्या गल्लीसमोर बोलला, आणि फौजी माणूस बोललेलं फिरवत नाही. मी नीलिमाकडे बघत होतो. ती काकूंचं नाव विचारून गेली होती, तिला काय निघणार हे माहीत होतं. तिनं मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि शांतपणे म्हणाली, बघा की.

चंद्राबाईंनी चिंचेचा गोळा आणला. पोतं काढलं. त्या तोटीच्या खाली घासू लागल्या. पाच वर्षांत त्या जागेवर कुणी प्रेमानं हात फिरवला नव्हता. काळं पाणी ओघळलं, तांबडा तुकडा दिसला, मग ठिपके. चांदसाहेब उकिडवा बसला आणि एकेक अक्षर वाचत गेला.

“ह… र… णा. हरणा लिवलंय, मामा.”

“शालू न्हाई?”

“न्हाई.”

नीलिमा म्हणाली, “माझ्या आजीचं नाव आहे ते.”

सयाजीनं तिच्याकडे बघितलं. तिच्या आजीचं नाव सोनाबाई होतं. सहाच महिन्यांपूर्वी तो त्या म्हातारीच्या दहाव्याला गेला होता. त्यानं मान खाली घातली आणि एका ट्रंकेची दोरी विनाकारण सोडून परत बांधली.

मला वाचा नाही. पोटात पाणी आणि खाली जाळ असता तर मी निदान खळखळलो असतो. पण मी रिकामा होतो आणि थंड होतो.

धोंडिरामानं खिशातून चष्मा काढला. गुडघे टेकून तो माझ्यासमोर बसला. त्या तीन अक्षरांवरून त्यानं बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. तोटीच्या खाली तो पहिल्यांदा वाकला तो असा. मग चांदसाहेबाच्या हाताला धरून उठला.

“मग आमचा न्हवं ह्यो,” तो नीलिमाला म्हणाला. “चुकलं माझं, बाई. तुमच्या आजीच्या वस्तूवर हात टाकला.”

आणि मला टेम्पोत चढवताना एक बाजू त्यानं स्वतः धरली.

सांगलीत माझी गरज नव्हती. दुसऱ्या मजल्यावर विजेचा गिझर होता. मला गॅलरीत ठेवलं, नळीत माती भरली आणि एक मनीप्लँट लावलं. लोक येतात, म्हणतात, वा, जुनी वस्तू! नीलिमा म्हणते, आजीची आहे. आता ती हे इतक्या सहज म्हणते की तिला स्वतःलाही खरं वाटत असावं.

१९९८ च्या पावसाळ्यात रहिमतपूरहून एक पोस्टकार्ड आलं. नीलिमानं गॅलरीत उभं राहून ते सयाजीला वाचून दाखवलं. धोंडिरामानं लिहिलं होतं: “मेव्हणा वारला म्हणून शालूच्या माहेरी गेलो होतो. तिथं तिची एक म्हातारी चुलती आहे. तिनं मला विचारलं, आमच्या हरणाला शेवटी फार त्रास झाला का? मी विचारलं, कोण हरणा? मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. बंब तुमच्याकडेच राहू द्या. मला तो मागायला तोंड नाही. नाव तेवढं घासून काढू नका.”

सयाजी म्हणाला, येत्या रविवारी नेऊन देऊ. नीलिमा म्हणाली, आणि मी सगळ्या गल्लीत खोटी ठरू? ती आत गेली. शेगडी पेटल्याचा आवाज आला आणि कागद जळाल्याचा वास आला. तो रविवार गेला, नंतरचेही गेले.

मित्रांनो, मला त्या बाईचा राग आहे, तो काही जाणार नाही. सयाजीचा तर जास्त आहे, कारण त्याला खरं माहीत होतं आणि तो दोरी बांधत बसला. पण गॅलरीत उभं राहून मी रोज विचार करतो. ते दोघं काही मोठे हुशार नव्हते. माझा मालक एका साध्या प्रश्नावर हरला, आणि त्याचं उत्तर तीस वर्षं त्याच्या बादलीपासून एक वीत अंतरावर होतं. तो माणूस वाईट नव्हता. त्याचा जीव होता तिच्यावर. त्यानं फक्त कधी बघितलं नाही.

तुमच्या घरी माळ्यावर एखादं तांब्याचं किंवा पितळेचं भांडं असेल तर ते खाली काढा. ते मोडीत घालायच्या आधी स्वतःच्या हातानं घासा, आणि त्यावर कुणाचं नाव आहे ते वाचा. नाव ओळखीचं नसेल तर घरात विचारा. आणि आईला, आजीला विचारा, लग्नाआधी तुला काय म्हणत होते? ती आधी हसेल, म्हणेल, आता ते कशाला? तरी विचारा. नंतर कुणाला तरी तसं पोस्टकार्ड लिहायची वेळ येण्यापेक्षा, ती समोर आहे तोवर विचारा.