डब्यावरची पट्टी

मित्रांनो, मी एक जुना, मेलेला उत्प्रेरक आहे. मेलो तरी राग गेलेला नाही, म्हणून बोलतो. आज माझं ढेकूळ झालंय, पण एकेकाळी मी टायटॅनियमची भुरभुरीत पूड होतो. चिमूटभर पूड वायूत पडली, की त्या वायूचं प्लास्टिक व्हायचं आणि किमचीचं, म्हणजे कोबीचं, लोणचं मुरवायच्या पिंपांना पुरेल एवढा ढीग पडायचा. सगळे मला वाखाणत.

मला घडवलं प्यो मि-सुक बाईंनी, योसू शहरातल्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत. अकरा वर्षं त्या माझ्यापायी खपल्या. माझा वैरी एकच, पाणी. दमट हवासुद्धा मला सोसत नाही. म्हणून बाई मला नायट्रोजन भरलेल्या डब्यात ठेवत आणि वर आपल्या हाताने आपलं नाव लिहीत.

नवं यंत्र सुरू व्हायच्या आदल्या दिवशी विभागप्रमुख मा साहेब आले. त्यांनी ते नाव खरवडून काढलं आणि स्वतःच्या नावाची छापील पट्टी चिकटवली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तेही त्यांनी माझ्यापासून चार पावलं लांब जाऊन पुसलं. तेव्हाच मी ठरवलं, या माणसाला सोडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या अध्यक्षांसमोर, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे यंत्रापुढे पूजा मांडली. डुकराचं मुंडकं, फळं, तांदळाची दारू. साहेब कोपऱ्याकोपऱ्यात दारू शिंपडत माझ्यापाशी थांबले.

"पहिला घोट आजच्या नवरदेवाला!"

"साहेब, झाकण नका उघडू," बाई कळवळल्या. "दारूतल्या पाण्याने मरेल तो."

"बाई, तुम्ही बाटल्या धुवा. रीतभात आम्हाला शिकवू नका."

आणि त्यांनी झाकण उघडून माझ्यावर वाटीभर दारू ओतली.

मी मरत होतो. पण मरता मरता सगळा जीव एकवटून असा फणफणलो, की आंबट पांढरा धूर थेट साहेबांच्या नाकातोंडात! खोकत खोकत ते मागे सरकले आणि धप्पकन डुकराच्या मुंडक्यावर बसले. काय गार वाटलं म्हणून सांगू!

"कुणी बनवलाय हा माल?" अध्यक्ष गरजले.

"हिने! सगळा हिनेच बनवलाय!" साहेबांनी बाईंकडे बोट केलं.

बाईंनी शांतपणे डबा वळवला. "मग पट्टी तुमची कशी, साहेब?"

अध्यक्षांनी वाकून पट्टी वाचली. बाई कपाटातून दुसरा डबा घेऊन आल्या, स्वतःच्या अक्षरात नाव लिहिलेला. संध्याकाळपर्यंत माझ्या त्या भावाने प्लास्टिकच्या पांढऱ्या दाण्यांचा डोंगर रचला.

बाई आता विभागप्रमुख आहेत आणि मी त्यांच्या टेबलावर बरणीत असतो. साहेबांची पट्टी त्यांनी माझ्या बरणीवर डकवलीय. मित्रांनो, झाकणं घट्ट लावा आणि दुसऱ्याचं नाव खरवडू नका. मा साहेब आता सहीसाठी बाईंकडे येतात. बाई त्यांना चहा विचारतात आणि बरणी हळूच त्यांच्याकडे फिरवतात.