काढलेला फोटो

“न्हाय! पोरीचा फोटो काढायचा न्हाय, सांगून ठेवते!” बायजाने प्राप्तीला पाठीशी घातलं आणि पोलीस ठाण्यात असा काही आवाज चढवला, की बाहेरचा चहावालासुद्धा आत डोकावला.

समोरची हवालदार पूनम गोंधळली. “अहो मावशी, फोटो काढायलाच आलात ना तुम्ही?”

“एका फोटोनं पोर घरात कोंडून बसलीय, आनि तुमी दुसरा काढता?”

प्राप्तीच्या आधी लक्षात आलं. ती खुदकन हसली. “आये, काढायचा म्हंजे खेचायचा न्हाय गं. नेटवरनं काढून टाकायचा!”

कुणा हलकटाने बारावीतल्या प्राप्तीचा चेहरा भलत्याच बाईच्या धडावर चिकटवून तो फोटो गावभर फिरवला होता. तेव्हापासून पोरीचं कॉलेज बंद. पर्यटकांच्या खानावळीत भाकऱ्या थापून बायजाने तिला इथवर शिकवलं होतं. लेकीचं हसू ऐकूनच तिला भरून आलं.

“ज्या साइटवर फोटो आहे त्या कंपनीला तो काढावाच लागतो, कायदाच आहे तसा,” पूनम म्हणाली. “त्यात ही अजून अठराची नाही, म्हणजे करणाऱ्याची काही खैर नाही. आणि हिचं नाव आम्ही कुठे फुटू देणार नाही.”

दुसऱ्याच दिवशी पूनमचा फोन आला. फोटो गेला! बायजाने पिठाच्या हातांनीच लेकीला मिठी मारली. नुसती नाचायचीच बाकी राहिली ती. “चल गं, आज पापलेट!”

बोर्लीच्या बाजारात मासे विकणारी सोनाबाई बघतच राहिली. “काय गं बायजा, लॉटरी लागली का काय?”

अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगणार काय, कपाळ! ज्यांनी फोटो पाहिला नाही, त्यांनाही कळायचं. एवढा मोठा आनंद, आणि गिळून टाकायचा? “असंच,” बायजा म्हणाली.

“असंच काय, आये?” प्राप्ती मोठ्याने बोलली. “माझा घाणेरडा फोटो बनवला व्हता कोनीतरी. मी पोलिसांत तक्रार केली. गेला तो. उद्यापासनं कॉलेजला जानार मी.”

बायजाने तिला कोपराने ढोसलं. आजूबाजूच्या बायका वळून बघू लागल्या. सोनाबाईने खाली मान घालून पापलेट साफ केलं, पिशवीत घातलं. दोघी निघाल्या, तशी ती उठून मागे आली आणि तिने प्राप्तीचा हात धरला.

“पोरी, माझ्या सुनेचा पन हाय गं तसा,” ती कुजबुजली. “लगीन झालेल्या बाईचं पन ऐकतात का पोलिसांत?”

“ऐकतात. मी येते तिच्याबरोबर.”