राणीची तिसरी बट

“ते नाणं होय? ते काय, तिथं खाली!” वहिनींनी शिलाई मशीनच्या पॅडलकडे बोट दाखवलं. “बोल्टाखाली आहे.”

शिक्केवाल्याला आधी वाटलं, वहिनी थट्टा करताहेत. मग तो गुडघ्यावर हात टेकत खाली बसला, मान वाकडी करून बघू लागला. तेलाचे ओघळ, दोऱ्यांची गुंतवळ, आणि पॅडलच्या दांड्यावर नटाखाली दबलेली एक मळकी पांढरी चकती. तिच्या काठावरचे बारीक दाते अजून शाबूत होते.

“भोक पाडलंत?”

“मग वायसरला भोक नको?” आतल्या खोलीतून कंडक्टर आला. बसच्या नोकरीतून सुटून त्याला दोन वर्षं झाली होती, तरी चालताना अजून तोल सावरत चालायचा, जणू जमीन आत्ता वळण घेईल. “काय करणार शिक्केवाले? ठेवावं तर हसू, टाकावं तर चांदी. म्हटलं, बायकोच्या पायाखाली तरी कामाला येऊ दे.”

“माझ्या पायाखाली राणी आहे म्हणायची!” वहिनी हसल्या. “लवकर आटपा हं काय ते. बारा अभ्रे शिवायचे राहिलेत.”

शिक्केवाला हसला नाही. पिशवीत छापखान्याची प्रुफं होती. ती त्याला शिळेसारखी जड लागत होती.

नऊ वर्षांपूर्वी नाणेमंडळ भरायचं तसंच आजही वाचनालयाच्या माडीवर भरतं. परक्या राणीच्या राजवटीतले रुपये तिथं भिंगाखाली येतात. मुकुट कुठला, झग्यावरच्या फुलाला पाकळ्या किती, ठसा कुठल्या टांकसाळीचा, यावर चहा गार होईस्तोवर वाद रंगतात. शेवटचा शब्द मात्र शिक्केवाल्याचा. पितळेवर उलटी अक्षरं कोरण्यात त्याचा जन्म गेलेला. आईने लेकराचं पाऊल ओळखावं तसा तो ठसा ओळखायचा.

नऊ वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी टेबलावर त्याच्या पुस्तिकेच्या दोनशे प्रती होत्या, शाईचा वासही न गेलेल्या. अकराव्या पानावर ठसठशीत वाक्य होतं: राणीच्या कानाखाली केसांच्या दोनच बटा, तीन बटांचा ठसा कधी झालाच नाही. आणि नेमका तेव्हाच कंडक्टर खाकी खिशातून एक रुपया काढत आला. “बघा बरं जरा. माझ्या अंगठ्याला तीन लागतात.”

शिक्केवाल्याने भिंग डोळ्याला लावलं. तीन होत्या. तिसरी कुणी मागाहून कोरलेली नव्हती. ठशातूनच उठलेली, केसाएवढी, कानामागून नाजूक वळण घेतलेली. रुपया टेबलावर टाकला तर घंटेसारखा वाजला. त्याने एकदा प्रतींच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. मग भिंग मिटलं आणि म्हणाला, “चांदी खरी आहे. ठसा खोटा. कुणा कारागिराची नक्कल.”

“कंडक्टर, राणीला विनातिकीट घेऊन आलात की!” कोणीतरी म्हणालं. माडी हशाने भरली. कंडक्टरही हसला, थोडा उशिरा. रुपया खिशात टाकून जिना उतरला तो पुन्हा चढला नाही.

आणि आता, गेल्या महिन्यात, एका सोनाराकडे मोडीत आलेल्या नाण्यांत तीन बटांचे दोन रुपये निघाले, आणि ते ओळखले शिक्केवाल्यानेच. मंडळात आनंदीआनंद झाला. पुस्तिकेची दुसरी आवृत्ती काढायची आणि या नव्या ठशाला ‘शिक्केवाला ठसा’ म्हणायचं, असं ठरलंसुद्धा. तेव्हापासून शिक्केवाल्याच्या तोंडात घास फिरत होता. शेवटी त्याने मनाशी बेत केला: कंडक्टरकडून तो जुना रुपया मागून घ्यायचा, पहिल्या पानावर त्याचं चित्र छापायचं, खाली कंडक्टरचं नाव. आपल्याबद्दल फार बोलावं लागणार नाही. चूक झाली एवढं म्हटलं की पुरे.

कंडक्टरने पान्हा आणून बोल्ट सोडवला. रुपया फडक्याने पुसून तळहातावर धरला. भोक बरोबर मधोमध होतं, आणि राणीचा कान नेमका मधोमध. कान गेला होता, बटाही गेल्या होत्या. नऊ वर्षं दांडा घासून गालसुद्धा सपाट झाला होता.

शिक्केवाल्याने भिंग काढलं, तसंच परत ठेवलं. बघायला काही उरलंच नव्हतं.

“कंडक्टर, हे खरं होतं.”

“काय खरं होतं?”

“तुमचा रुपया. तसलेच आणखी दोन सापडलेत. तीन बटांचा ठसा होता.”

कोणी आतून दिवा लावावा तसा कंडक्टरचा चेहरा उजळला. “ऐकलंस का गं? खरं होतं म्हणे! मी म्हणत नव्हतो, तीन लागतात?” त्याने शिक्केवाल्याच्या खांद्यावर थाप मारली. “म्हणजे तुमची चूक झाली होती! असू दे हो. माणूस आहे. भिंगालासुद्धा कधी झापड येते.”

दार सताड उघडं होतं. नुसतं ‘हो’ म्हणून त्यातून बाहेर पडायचं होतं. वहिनी चहाचं आधण ठेवायला उठल्याही होत्या. शिक्केवाल्याच्या ओठांवर ते ‘हो’ आलं, आणि तिथेच कडू झालं.

“चूक नव्हती,” तो म्हणाला. “मला दिसली होती. तेव्हाच.”

“काय?”

“तिसरी बट. पुस्तिका छापून झाली होती हो. दोनशे प्रती. मला दिसलं, आणि मी खोटं बोललो.”

वहिनी भांडं हातात धरून दारातच थांबल्या.

कंडक्टर मशीनजवळच्या स्टुलावर बसला. रुपयाच्या भोकातून करंगळीचं टोक आत घालत, काढत राहिला. मग नाण्याकडे बघतच बोलला.

“आधी मला अंगठा लावला की कळायचं. नाणं कुठलं, चालणारं की खोटं. बघावं लागायचं नाही. भर गर्दीत, एका हाताने दांडा धरून... त्या रविवारनंतर मी प्रत्येक नाणं उलटून बघायला लागलो. दोन-दोनदा. लोक ओरडायचे, मास्तर, झोपलात का? सात वर्षं, शेवटच्या फेरीपर्यंत. मला वाटायचं, माझी बोटंच गेली.”

शिक्केवाल्याने पिशवीतून कागदाची पुडी काढली. “त्या दोनातला एक आणलाय. सोनाराकडून मी विकत घेतला. तुम्ही ठेवा.”

“हा घेऊन बोटं परत येतात का?”

“नाही.”

“मग?” कंडक्टरने पहिल्यांदा वर पाहिलं. “इथे घरात काय सांगता? हसले ते माडीवर.”

“रविवारी सांगतो. सगळ्यांसमोर. तुम्ही या.”

“मी नाही येत. तो जिना एकदा उतरलो, पुष्कळ झालं.”

वहिनींनी त्याच्या हातातला भोकाचा रुपया हळूच काढून घेतला, वाकून बोल्टात ओवला आणि पान्हा नवऱ्यापुढे धरला. “बसवून द्या. माझं काम अडलंय.” मग कुणाकडेच न बघता जुन्या गाण्याची ओळ म्हणावी तशा म्हणाल्या, “तुटला गं धागा जोडू, गाठ बोचते बोटाला.” चहा त्या दिवशी झाला नाही. शिक्केवाला जिना उतरेपर्यंत मशीनची टकटक त्याच्या पाठीवर पडत राहिली.

रविवारी माडी भरली होती. अध्यक्षांनी, म्हणजे औषधाच्या दुकानवाल्या म्हाताऱ्यांनी, नव्या ठशाचं कौतुक केलं आणि शिक्केवाल्याला उभं केलं. त्याने कागद आणला नव्हता. जसं आठवलं तसं सांगितलं: कंडक्टर, रुपया, तीन बटा, दोनशे प्रती. “मी जाणूनबुजून खोटं बोललो. ठशाला नाव द्यायचं तर त्यांचं द्या. त्या रुपयाला आता भोक आहे. पुरावा राहिलेला नाही. माझा शब्द तेवढा आहे.”

मग अध्यक्ष उठले, त्यांचे डोळे पाणावले होते.

“पाहिलंत? एवढा मोठा शोध, आणि दुसऱ्याच्या ओंजळीत टाकतो हा माणूस! त्यासाठी स्वतःला खोटारडा म्हणवून घेतो! अहो, याला म्हणतात मन.”

“नाही हो, ऐका, मला खरंच दिसली होती...”

“पुरे, पुरे! विनय किती करावा?”

टाळ्या सुरू झाल्या. शिक्केवाला हात हलवत राहिला, तसतशा त्या वाढत गेल्या. सोनार उभा राहिला, त्याच्यामागे आणखी चारजण. शिक्केवाल्याचा आवाज टाळ्यांच्या त्या पावसात कुठल्या कुठे वाहून गेला.

तेव्हा त्याला शेवटच्या बाकावर कंडक्टर दिसला. कधी आला, कुणालाच कळलं नव्हतं. इस्त्रीचा सदरा घालून ताठ बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवून. ते हात हलले नाहीत. तो सरळ शिक्केवाल्याकडे बघत होता. सगळ्या माडीत शिक्केवाल्याचं बोलणं तेवढ्या एकट्यानेच खरं मानलं होतं.