ट्रान्सफॉर्मरची खोळ

दवाखान्यातल्या वायरमन सईदने ट्रान्सफॉर्मरवरची खोळ दोन्ही हातांनी ओढली आणि आतली गरम हवा भसकन त्याच्या तोंडावर आली. जुन्या लुगड्याची चौपदरी खोळ, चारही बाजूंनी नाड्यांनी आवळून बांधलेली. तेल नसलेला हा ट्रान्सफॉर्मर नुसत्या हवेवर गार राहतो, आणि त्याच्या जाळ्याच झाकल्या होत्या. म्हणूनच तो तापून आपोआप बंद पडला होता आणि जनरेटर सुरू असूनही वर अतिदक्षता विभागात अंधार झाला होता.

सहा वर्षांत ट्रान्सफॉर्मरने एकदाही दगा दिला नव्हता. त्या भरवशावर सईद हल्ली या तळघरात फिरकतही नसे.

त्याने मोठा पंखा समोर लावला, तापमानाचा काटा खाली येईपर्यंत थांबला आणि खटका वर केला. मधली अठरा मिनिटं नर्स महनूर रबरी फुगा हाताने दाबत व्हेंटिलेटरवरच्या हर्षलला श्वास देत होती. बीटीच्या कपाशीवरही अळी आली, म्हणून पोराने दोन औषधं एकत्र करून फवारली होती आणि ते विष त्यालाच बाधलं होतं. त्याची आई कोकिळा याच दवाखान्यात झाडलोट करायची.

तीच धावत खाली आली.

"सईदभाऊ, चालू झालं! पोराची छाती हालून राह्यली." डोळे पुसत तिने जमिनीवरची खोळ उचलली, झटकली आणि पुन्हा चढवायला घेतली. "हे काऊन काढली? बाजूच्या जिनिंग मिलची रुई उडते, मशीन खराब होते, असं तुमीच म्हणे. म्हणून शिवली म्या. हर्षल भरती झाला तवा आणखी दोन पदर लावले."

सईदने खोळीचं एक टोक धरून ठेवलं. सांगावं तर ही बाई जन्मभर स्वतःला खात राहील. न सांगावं तर आत्ताच बांधेल, आणि गावातली लाइन अजून आली नव्हती.

"राहू द्या, बाई."

"रुई बसन ना!"

त्याने तिचं मनगट धरून तळवा जाळीसमोर नेला. आतून ऊन हवा येत होती.

"हे बाहेर निघू द्या लागते. नाहीतर बंद पडते."

कोकिळेचा हात तिथेच राहिला. तिने विचारलं, "मंग मघाशी... याच्यानंच?"

"चूक माही हाये," सईद म्हणाला. "म्या रोज पाह्याले पाह्यजे होतं."

कोकिळा खोळ तिथेच टाकून जिना चढली. वर हर्षलचे डोळे किलकिले झाले होते. महनूरने दार उघडून धरलं.

"मावशी, या ना आत. तुम्हालेच शोधून राह्यला तो."

"इथूनच पाहाते," कोकिळा म्हणाली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली.