बोलणारी मोजपट्टी

बाईंच्या वर्गातला पहिला नियम असा की घाई करायची नाही. दुसरा नियम, घाई केलीच तर बाईंकडे रडत यायचं नाही.

अंध माणसांना कॉम्प्युटर शिकवण्याचं काम त्या अठरा वर्षं करत होत्या. स्वतः जन्मापासून अंध, त्यामुळे 'आम्हाला दिसत नाही हो' ही सबब त्यांच्यापुढे चालत नसे. "मलाही दिसत नाही. पुढे बोला," एवढंच त्या म्हणत. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर त्या इतक्या वेगाने लावत, की शेजारच्याला कानाशी माशी गुणगुणल्यासारखं वाटे. त्याचा त्यांना अभिमान होता. थोडाथोडका नाही, चांगला भरपूर होता.

ऑनलाइन खरेदीचा धडा तर त्यांच्या हातचा मळ. दुकान अनोळखी असेल तर आधी तिथे दिलेल्या नंबरवर फोन करायचा. कुणी उचलला नाही, की सरळ बाहेर. कार्डाचा नंबर द्यायचाच नाही, वस्तू हातात आल्यावर पैसे. ज्यांनी हे ऐकलं नाही त्यांचे किस्से बाई असे तिखटमीठ लावून सांगत, की वर्ग पोट धरून हसे. फसलेल्या माणसाला ते हसणं कसं लागत असेल, हा विचार त्यांच्या मनाला कधी शिवला नव्हता.

आणि मग त्यांना ते दुकान सापडलं.

बाकीची दुकानं स्क्रीन रीडरवर कशी ऐकू येतात, हे ज्याने भोगलंय त्यालाच ठाऊक. "बटण. बटण. चित्र. बटण." कसलं बटण, कशाचं चित्र, देव जाणे. दुकानात शिरावं आणि दुकानदाराने नुसतं खोकत राहावं, तशातली गत. या दुकानात मात्र प्रत्येक बटणाला नाव होतं. प्रत्येक चित्राचं वर्णन होतं. "पांढरा बोलणारा वजनकाटा, बटणं उजव्या कडेला, प्रत्येकावर बोटाला लागणारी खूण." बोलणारी घड्याळं, बोलणारे थर्मामीटर, बोलणाऱ्या मोजपट्ट्या. बाईंना भरून आलं. कुणीतरी आपला विचार केलाय, बसून एकेका चित्राला शब्द दिलेत! जो आपल्यासाठी एवढे कष्ट घेतो तो लबाड कसा असेल?

डोळस माणूस रंगीत दुकानाला भुलतो, बाई नावं दिलेल्या बटणांना भुलल्या. फोन केला नाही. वस्तू आल्यावर पैसे द्यायची सोय तिथे नव्हती, तेही खटकलं नाही. वजनकाट्यासाठी कार्डाचा नंबर दिला आणि लगेच वर्गाच्या ग्रुपवर आवाजी निरोप टाकला. "दुकान असावं तर असं! बिनधास्त घ्या, मी स्वतः घेतलंय."

सोमवारी सकाळी बँकेचे दोन मेसेज आले. बाईंनी न घेतलेल्या वस्तूंचे पैसे त्यांच्या खात्यातून गेले होते. त्यांनी दुकानाचा नंबर लावला. असा नंबरच नव्हता.

त्यांनी तडक बँकेला फोन करून कार्ड बंद केलं. पलीकडची मुलगी गोड आवाजाची होती आणि बाई अंध असल्याची नोंद तिच्यासमोर होती. "मॅडम, खरेदी करताना सोबत कुणी डोळस नव्हतं का? पुढच्या वेळी कुणाला तरी जवळ बसवून घ्या हं." एरवी बाईंनी तिला चांगलं फैलावर घेतलं असतं. त्या दिवशी त्या "बरं" म्हणाल्या.

त्यांनी ग्रुप उघडला. रेकॉर्डचं बटण दाबून धरलं. अठरा वर्षं दुसऱ्यांचे किस्से रंगवले, आता स्वतःचा कसा सांगायचा? वर्ग हसेल. नाही हसला तर आणखीच वाईट. बोट सुटलं. 'बुधवारी वर्गात नीट समजावून सांगू,' असं त्यांनी ठरवलं. 'दोन दिवसांत कोण घेतंय?' हे त्यांना शहाणपणाचंही वाटलं. मग त्यांनी घासलेली भांडी पुन्हा घासली आणि मूग गिळून बसल्या.

मंगळवारी संध्याकाळी खुर्चीवाले काका फोनवर आले. वेताच्या खुर्च्या विणण्यात काकांचा जन्म गेला होता. दहा वर्षांपूर्वी दृष्टी गेली, पण विणणं सुटलं नाही. वर्गात येऊन त्यांना आठ महिने झाले होते आणि प्रत्येक की ते दोनदा चाचपून मगच दाबत.

"बाई, माझ्याकडून घोळ झाला," काका म्हणाले. आवाज अगदी खाली गेला होता. "दुपारी त्या दुकानातून बोलणारी मोजपट्टी मागवली. चौकटी मापायला दरवेळी सुनेला हाक मारावी लागते ना, म्हटलं आता ते बंद. पण खात्यातले सगळे पैसे गेले. सुनेने कार्ड बंद केलं. काहीतरी भलतंच दाबलं गेलं असणार माझ्या हातून."

बाईंनी आत्ता बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं.

"कोणतं बटण दाबलंत तुम्ही?" त्यांनी विचारलं. वर्गात विचारतात त्याच आवाजात.

काका बिचारे आठवून आठवून सांगू लागले. इथे दाबलं, मग खाली गेलो, मग नाव ऐकलं, मग दाबलं. सगळं बरोबर होतं. बाई फक्त "हं, हं" करत राहिल्या.

"जाऊ द्या," शेवटी काकाच म्हणाले. "सून म्हणते, पुरे झाला कॉम्प्युटर. तुमचं नाव खराब केलं मी, माफ करा."

त्या रात्री बाईंना स्वतःची किळस आली. दुसरा शब्द नाही.

बुधवारी वर्गाला सहाजण होते. बाई बोलायला उभ्या राहणार तोच काकांची खुर्ची सरकली.

"मी शेवटचे दोन शब्द बोलतो," काका म्हणाले. "बाईंनी चांगलं दुकान सांगितलं होतं. मी म्हाताऱ्याने धांदरटपणा केला आणि फसलो. तुम्ही माझ्यासारखं करू नका. बाई सांगतात तसं करा." आणि वर ते हसले, इतरांना हसायला सोपं जावं म्हणून.

दोघंतिघं हसलीही.

"हसू नका," बाई म्हणाल्या. "काकांनी काही चुकीचं दाबलं नाही. मी सांगितलं तसंच केलं, म्हणून फसले. दुकान खोटं आहे. मीही फसलेय तिथे. मी फोन केला नव्हता, माझाच नियम मी पाळला नाही. अजून कुणी काही मागवलं असेल तर आत्ता, या मिनिटाला कार्ड बंद करा."

दोघांनी फोन बाहेर काढले.

"तुम्हाला कधी कळलं, बाई?" काकांनी विचारलं.

खोटं बोलायला अजूनही जागा होती. 'आज सकाळी' असं म्हटलं असतं, तरी कुणाला कळलं नसतं.

"सोमवारी."

"मी मंगळवारी दुपारी घेतली," काका म्हणाले.

"हो. मला लाज वाटली म्हणून मी गप्प बसले. आणि काल तुम्हाला बटण कोणतं म्हणून विचारलं, तेव्हा मला सगळं माहीत होतं."

आता काका ओरडतील, असं बाईंना वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी स्वतःच्या बोटांवरून अंगठा फिरवला. विणून विणून खरखरीत झालेल्या त्या बोटांचा आवाज शांत खोलीत सगळ्यांना ऐकू आला.

"म्हणजे माझा हात चुकला नव्हता."

"नाही, काका."

"काल घरात सगळ्यांसमोर मी कबूल केलं, की मला आता काही जमत नाही." त्यांनी खिशातून फोन काढला, नेहमीसारखं दोनदा चाचपून एक नंबर लावला आणि टेबलावरून हात पुढे केला. "तुमची माफी मला नको. सूनबाईला सांगा. तुमच्या तोंडून."

बाईंनी फोन कानाला लावला. पलीकडे घंटी दोनदा वाजली आणि फोन उचलला गेला.

"बोला बाबा, आता काय झालं?"

"बाबा नाही," बाई म्हणाल्या. "मी त्यांच्या कॉम्प्युटरच्या वर्गातली बाई बोलतेय."